खांद्यावर कोण होतं?

वाचकाचं पत्र:

माझा जन्म जानेवारी 1964 चा. बँकेत रोखपाल होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. लहानपणी आम्ही नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या खोल्यांत राहायचो. तिथली एक आठवण मी आयुष्यभर जपली आहे. मारबतीचा दिवस, म्हणजे ईडा-पीडा घालवायला मारबतीच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तो. रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी पिवळी मारबत पाहिली. माझ्या एका पायातली चप्पल गर्दीत पडली, ती गेलीच. माझा लाकडी बैल बाबांच्या हातात होता. ते सगळं मला आजही स्वच्छ दिसतं: गुलाबी फ्रॉक, एक पाय अनवाणी, पाठीवर रुळणारी माझी वेणी. पुढे उन्हाळ्यात गच्चीवर बाजा टाकल्या की बाबा ही गोष्ट हमखास सांगायचे, "पोरीले खांद्यावर घेतलं, तं माहे केस असे धरले का सोडेच ना!" 1965 च्या दिवाळीनंतर बाबांची चांद्याला (चंद्रपूरला) बदली झाली. आम्ही 1975 मध्ये नागपूरला परत आलो.

गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, नातवाचा बैल सजवताना मी हे सांगत होते. माझी बहीण माझ्याहून साडेचार वर्षांनी मोठी, ती अमरावतीहून आली होती. ती म्हणाली, "अगं, खांद्यावर मी होते. तू आईच्या कडेवर होतीस." मला वाटलं थट्टा करतेय. पण ती हसली नाही. सूनबाई बघत होती. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का, बरी आहेस का" एवढ्यावर आलंय.

त्यात अलीकडे मी विसरते. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते आठवत नाही. दूध दोनदा उतू गेलं. वीस वर्षं शेजारच्या काउंटरवर बसलेली मैत्रीण बर्डीच्या बाजारात समोर आली आणि मला तिचं नाव सुचेना. मुलगा म्हणतो, "आई, तुला विसरायला झालं." आमची आई शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंशात होती. आम्हाला ओळखायची नाही, पण हातात कापूस दिला की वाती वळत बसायची. मलाही तेच होणार का? मला नऊ वर्षांपासून शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे, बाकी काही नाही. आणि साठ वर्षं जपलेली आठवणच जर माझी नसेल, तर माझ्याजवळ खरं आहे तरी काय? बहीण खोटं बोलते की मी?

— एक वाचक, नागपूर

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. तुम्ही सालं, वयं, जागा सगळं रोखपालाच्या काटेकोरपणे लिहिलंय, त्यामुळे मलाही नेमकं काही धरून बोलता येतंय.

खोटं कोण बोलतंय, ते आधी सांगते. कुणीच नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं आणि तो ते लपवतो. तुम्हाला जे दिसतं ते तुम्ही सांगताय, तुमच्या बहिणीला जे दिसतं ते ती सांगतेय. सूनबाईसमोर झालं म्हणून ते जास्त लागलं, हेही मला समजतं.

आता हिशोब मांडू. जन्म जानेवारी 1964, महाल सुटलं 1965 च्या दिवाळीनंतर. म्हणजे महालात राहताना तुमच्या वाट्याला दोनच मारबती आल्या. पहिल्या वेळी तुम्ही सात-आठ महिन्यांच्या, दुसऱ्या वेळी एकोणीस महिन्यांच्या. परत आलात तेव्हा अकरा वर्षांच्या, आणि अकरा वर्षांच्या मुलीला कुणी खांद्यावर घेत नाही. मधल्या दहा वर्षांत पोळ्यासाठी चांद्याहून नागपूरला येणं झालं होतं का, हे बहिणीला नक्की विचारा. झालं असेल तर माझं पुढचं बोलणं बाजूला ठेवा. पण पत्रात तसं काही नाही, म्हणून मी एकोणीस महिने धरून चालते.

मोठ्या माणसांना आयुष्यातली पहिली आठवण विचारली, तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. काहींना त्याआधीचा एखादा तुकडा आठवतो. पण एकोणीस महिन्यांच्या वयातलं, फ्रॉक-चप्पल-बैलासकट अख्खं दृश्य टिकून राहणं फार अवघड आहे. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो. एखाद्या प्रसंगातलं दिसलेलं, ऐकलेलं, वाटलेलं एकत्र बांधून त्याची आठवण करणं हे त्याचं काम. त्या वयात तो अजून घडत असतो. शिवाय आठवण ज्यांत धरून ठेवायची ते शब्दही मुलाकडे नसतात. बाळ त्या काळात चालायला शिकतं, माणसं ओळखायला शिकतं, पण "त्या दिवशी माझ्या बाबतीत असं घडलं" हे त्याला फार काळ टिकवता येत नाही.

आणि तुमच्या पत्रात एक वेणी आहे. मी पेन्सिलने तिच्याखाली रेघ मारली. एकोणीस महिन्यांच्या मुलीच्या पाठीवर रुळणारी वेणी कुठून येणार? सहा वर्षांच्या मुलीची असू शकते. आणखी एक गोष्ट, ती वेणी तुम्हाला दिसते. बाबांच्या खांद्यावर बसलेल्या मुलीला त्यांचा भांग दिसेल, समोरची डोकी दिसतील, पिवळी मारबत दिसेल, पण स्वतःची पाठ नाही दिसणार. तुम्ही ते दृश्य मागून बघताय. क्षणभर माझ्या मनात आलं, आईच्या कडेवरचं मूल नेमकं तिथेच असणार! पण एवढं ताणणं बरोबर नाही. खऱ्या आठवणीही आपण पुष्कळदा बाहेरून बघतो, जुन्या तर जास्तच. मागून दिसणं हा पुरावा होत नाही. वेणी मात्र मला विचारात पाडते.

मग हे चित्र आलं कुठून? उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. गच्चीवरच्या बाजा. बाबांचं वाक्य पुन्हा वाचा: "पोरीले खांद्यावर घेतलं." कोणत्या पोरीले, ते त्यांनी म्हटलं नाही. घरात पोरी दोन, दोघी शेजारशेजारच्या बाजांवर पडून ऐकतायत, आणि बाप "पोरीले" एवढंच म्हणतोय. ऐकता ऐकता तुम्हाला वाटलं, ती पोरगी मीच. लहान मुलाला दुसरं काय वाटणार?

हे होतं कसं, ते तुमच्याच कामातून सांगते. खातेदार पैसे काढायला आला की त्याने भरलेल्याच नोटा तुम्ही त्याला परत देत होतात का? रक्कम त्याची, नोटा त्या दिवशी ड्रॉवरमध्ये असतील त्या. आठवणीचंही जवळपास असंच आहे. प्रसंगाचा गाभा मेंदू जपतो: बाबा, गर्दी, खांदा, मारबत. तो बाहेर काढताना बारीकसारीक तपशील मात्र त्या वेळी हाताशी असतील ते लावले जातात. कुठल्या तरी फोटोतला फ्रॉक, शेजारणीच्या मुलीची वेणी, पुढच्या कुठल्या तरी वर्षीचा बैल. आणि हाती आलेल्या नोटांवर कुठेही लिहिलेलं नसतं की ही मूळची, ही नंतरची. सगळ्या सारख्याच खऱ्या वाटतात.

1995 मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी एक प्रयोग छापला. 24 जणांना त्यांच्या लहानपणाच्या चार-चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन घरच्यांकडून मिळवलेल्या, खऱ्या. चौथी रचलेली: तू पाचेक वर्षांचा असताना बाजारसंकुलात हरवला होतास आणि एका वयस्कर बाईने तुला मदत केली आणि मग तू घरच्यांना सापडलास. शेवटच्या भेटीपर्यंत 24 पैकी 6 जण ती घटना आपल्याला थोडीफार किंवा पूर्ण आठवते असंच म्हणत होते. घरातल्या माणसाने सांगितलंय एवढं कारण पुरलं. तिथे तर ती गोष्ट मोजक्याच वेळा समोर आली होती. तुम्ही कितीतरी उन्हाळे ऐकलंय, आणि तेही बाबांच्या तोंडून.

माझ्या मते तुम्हा बहिणींना याहून जवळचा अभ्यास आहे तो जुळ्या भावंडांचा. 2001 मध्ये मर्सिडिस शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी तो छापला. मोठ्या झालेल्या जुळ्यांना लहानपणाबद्दल विचारलं, तर काही प्रसंग असे निघाले की दोघंही ठामपणे म्हणतात, हे माझ्या बाबतीत घडलं. पडलो मी, बक्षीस मला मिळालं, रागावले मला. प्रसंग एक, दावेदार दोन, आणि दोघांनाही तो डोळ्यांसमोर दिसतोय. जुळ्यांत हे जास्त आढळतं, पण साध्या भावंडांतही सापडतं. एका घरात वाढलेल्या, एकाच बापाची तीच गोष्ट ऐकलेल्या दोन मुलींची आठवण एकमेकींत मिसळणं मला तरी फार स्वाभाविक वाटतं.

सांगण्याचाही परिणाम होतो. 2000 मध्ये न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच मेंदूतल्या भीतीशी निगडित भागात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. ती भीती पुढे टिकली नाही. आवाज न ऐकवता नुसतं औषध दिलेल्या उंदरांची भीती मात्र तशीच राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवणही जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. उंदरांच्या भीतीवरून माणसाच्या सगळ्या आठवणींचा निकाल लावता येत नाही. पण ज्या आठवणी आपण फार जपतो आणि फार वेळा सांगतो, त्यांतच फेरफाराला जास्त वाव मिळतो, हे माणसांवरच्या अभ्यासांशीही जुळतं.

आता तुमच्या बहिणीकडे वळते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिच्या पारड्यात सगळं टाकलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. त्या वयाची आठवण टिकू शकते, आणि "खांद्यावर मी होते" हे बहुधा बरोबर असावं. पण तिच्या आठवणीतला प्रत्येक तपशील प्रमाण मानायचं कारण नाही. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यापीठातल्या मुलांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे, कुणाकडून, काय करत असताना कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांची उत्तरं मुख्य मुद्द्यांवर पार चुकली, आणि तरीही त्यांतल्या अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तेव्हाही काहींना नवीच आठवण खरी वाटत राहिली. इथे तर साठ वर्षं उलटलीत. चप्पल कुणाची पडली, बैल कुणाच्या हातात होता, त्या वर्षी मारबत बघायला आई आलीच होती का, यांतलं काहीही तुमच्या बहिणीच्या बाबतीतही इकडचं तिकडे झालेलं असू शकतं.

"माझ्याजवळ खरं आहे तरी काय," असं तुम्ही विचारलंत. हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले होते. बाबांच्या खांद्याची आठवण कदाचित तुमची नसेल. गच्चीवरची मात्र तुमचीच आहे. 1965 नंतरचे कितीतरी उन्हाळे, पाणी मारून गार केलेली गच्ची, बाजेची टोचणारी सुतळी आणि अंधारात बाबांचा आवाज. तिथे तुम्ही होतात, कळत्या वयात होतात, आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच बोलीत, "माहे केस" आणि "सोडेच ना" सकट, तुम्हाला आज लिहून पाठवता आलं. वेणीबद्दल मला शंका आहे, त्या वाक्याबद्दल नाही. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य असंच टिकतं.

आता तुमचं विसरणं. स्वयंपाकघरात जाऊन थबकणं माझ्या मते सगळ्यांत बिनमहत्त्वाचं. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो, जेमतेम चार. वाटेत नातवाने हाक मारली, फोन वाजला, की आधीची एक गळून पडते. विसरण्याचं असं काही झालेलंच नसतं, गोष्ट मुळात नीट बसलेलीच नसते. दुधाचंही तेच. दूध तापत असताना ओट्यापासून हलावंच लागलं, तर पळी किंवा चमचा हातात घेऊन हला. दिवाणखान्यात हातात पळी दिसली की पाय आपोआप मागे वळतात.

मैत्रिणीचं नाव न सुचणं मनाला लागतं, कारण तिला काय वाटलं असेल याची लाज वाटते. पण नावं अशीच असतात, माणसाबद्दल काही न सांगणारी. 1987 मधल्या एका अभ्यासात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा सांगितला. शब्द तोच असला तरी धंदा म्हणून सांगितलेला लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितलेला निसटला. आपल्याकडचं उदाहरण घ्या. "हे सुतारकाम करतात" म्हटलं की रंधा, भुसा, पाट, चौरंग असं सगळं डोळ्यांपुढे येतं आणि त्या माणसाला चार ठिकाणी टाचून ठेवतं. "हे सुतार" म्हटलं की एकच टाका, तो उसवला की गेलं. साठीनंतर नाव जिभेवर येऊन अडणं वाढतं, आणि ते सगळ्यांचंच वाढतं. ती मैत्रीण कशी बसायची, डबा काय आणायची, हे तुम्हाला आठवत होतं ना? मग ती हरवलेली नाही. पुढच्या वेळी सरळ म्हणा, "अगं, तुझं नाव जिभेवर आहे, पण येत नाहीये." नाव घरी आल्यावर, भांडी आवरताना आलं असेल, अशी माझी पैज आहे.

विसरणं हा मेंदूचा रोजचा व्यवहार आहे. महालकरांना गंमत वाटेल असा एक योगायोग सांगते. पिवळ्या मारबतीची परंपरा 1885 पासूनची मानतात, आणि विसरण्याचं पहिलं शास्त्रशुद्ध मोजमाप जर्मनीत छापून आलं तेही 1885 मध्येच. हेर्मान एबिंगहाऊस या माणसाने अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कष्ट पडतात ते मोजलं. पहिल्यांदा घेतलेल्या मेहनतीतली निम्म्याहून जास्त तासाभरात वाया गेलेली असे. एका दिवसानंतर तिसरा हिस्सा उरे, आणि महिन्यानंतरही जवळजवळ पाचवा हिस्सा शिल्लक असे. म्हणजे गळती सुरुवातीला जोरात, मग मंद. आणि हे अर्थहीन अक्षरांचं. अर्थ असलेलं, अधूनमधून उजळलेलं याहून खूप जास्त टिकतं. उरलेलं गेलं म्हणून हळहळू नये. गेल्या महिन्यात बर्डीवर गाडी कुठे कुठे लावली हे सगळं लक्षात राहिलं असतं, तर आजची गाडी सापडली नसती. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाने वर्षातून एकदा करायचं काम मेंदू रोज करतो, बरंचसं झोपेत. दिवसभरातलं काय ठेवायचं, ते पक्कं करण्याचं मोठं काम झोपेतच होतं. म्हणून झोपेबद्दल मी पुढे विचारणार आहे.

आईबद्दल लिहिताना हात जड होतो. तुम्ही तिच्या वातींचा उल्लेख केलात, आणि मला एका अमेरिकन माणसाची आठवण झाली. हेन्री मोलेसन. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर भेटलेलं माणूस, खाल्लेलं जेवण, वाचलेलं पान काहीच त्याच्यात टिकेना. 2008 मध्ये तो गेला तोवर असंच चाललं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे कुणालाही सुरुवातीला जमत नाही. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि प्रत्येक दिवशी त्याला वाटायचं, हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. हातांचं शिकणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात हिप्पोकॅम्पसच्या परिसराला लवकर इजा होते, म्हणून कालचं आणि आजचं आधी जातं. हातांत बसलेली कामं पुष्कळ काळ टिकतात. आई वाती वळत होती तेव्हा देवघर, तिन्हीसांजा, सासूच्या हाताखालचे दिवस यांतलं काही तिच्या मनात येत होतं का, ते सांगता येणार नाही. पण कापूस किती घ्यायचा, किती ओढायचा, तळहातावर कसा फिरवायचा हे तिला येत होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. कुणीतरी तिच्या हातात कापूस देत राहिलं. तुम्ही दोघींनीच दिला असणार. फार चांगलं केलंत.

तुम्हालाही तेच होणार का? जवळच्या नात्यात हा आजार असला की धोका थोडा वाढतो, हे खरं. पण म्हाताऱ्या वयात सुरू होणारा हा आजार आईला होता म्हणून मुलीला होणारच, असं नसतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली आहेत. ती सगळी हटवता आली, तर जगातले जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत तुमच्या कामाची कारणं म्हणजे मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हालचाल नसणं, एकटं पडणं आणि कमी ऐकू येणं. कानांकडे आपण लक्षच देत नाही. जे ऐकूच आलं नाही, ते पुढे "विसरलं" या खात्यात जमा होतं.

डॉक्टरांकडे एकदा जाच, आणि लवकर जा. घाबरवत नाहीये. तुमच्या पत्रात एक गोष्ट ठळक आहे, नऊ वर्षांची मेटफॉर्मिन. ती वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, शाकाहारी माणसांत आणखी. बी-12 कमी झालं की विसरणं, थकवा, पायांना मुंग्या असं सगळं सुरू होऊ शकतं, आणि ते भरून काढता येतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फक्त विचारा. थायरॉईडही तपासून घ्या. सर्दी-खाजेच्या किंवा झोपेच्या गोळ्या अधूनमधून घेत असाल तर त्यांची पाकिटं सोबत न्या, त्यांतल्या काही स्मरणाला मंद करतात. आणि झोप लागते का, घोरता का, निवृत्तीनंतर दिवस सुने वाटतात का, हे विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. उदासी पुष्कळदा विसराळूपणाचा चेहरा घेऊन येते.

माझ्याकडे "मी विसरते" म्हणत स्वतःहून, एकट्याने येणाऱ्या बायांबद्दल मला सहसा कमी काळजी वाटते. जास्त काळजी वाटते ती घरच्यांनी हाताला धरून आणलेल्यांची, ज्या म्हणतात, "मला काहीच झालेलं नाही, हेच उगाच." तुम्ही कधी सावध व्हायचं, तेही सांगते. तासाभरात तोच प्रश्न तीनदा विचारलात आणि आधी विचारल्याचं आठवलंही नाही तर. इतवारीतून घरी यायचा रोजचा रस्ता अनोळखी वाटला तर. साठ रुपयांची भाजी घेऊन शंभराची नोट दिली आणि परत किती यायचे याला तुम्ही अडखळलात तर. तुम्ही आयुष्यभर नोटा मोजल्या, म्हणून तुमच्यासाठी मी हीच खूण पहिली मानेन. यांतलं काही दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला एक आठवडाही लावू नका. आज पत्रात यांतलं काही दिसत नाही.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. "तुला विसरायला झालं" हे वाक्य त्याने थांबवावं. धास्तावलेल्या माणसाचं लक्ष धास्तीतच अडकतं, आणि मग दूध खरंच उतू जातं. त्याला काळजी असेल तर त्याने तुमच्यासोबत दवाखान्यात यावं.

राहिली बहीण. "तुझंच बरोबर" म्हणून विषय मिटवू नका, ते तुमच्या मनातून उतरणार नाही. एक करा. त्या दिवसाचं जे जे आठवतं ते दोघींनी आपापल्या कागदावर लिहायचं, एकमेकींना न विचारता, न दाखवता. बाबांच्या अंगात काय होतं, आई होती का, बैल कोणत्या रंगाचा, बैल दारोदार नेल्यावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, किती मिळाला. मग फोनवर दोघींनी आपापलं वाचून दाखवायचं. जुळेल ते जुळेल, नाही जुळणार ते बाजूला दोन रकान्यांत लिहून ठेवायचं, वाद न घालता. रकाने भरणं तुम्हाला शिकवायला नको.

फोन तुम्ही करा, धाकट्या म्हणून. सुरुवात मारबतीपासून नको. तुम्ही कडेवर होतात तेव्हा रडत होतात की झोपल्या होतात, ते तिला विचारा. तुमच्या एकोणिसाव्या महिन्याबद्दल काही सांगू शकेल असं माणूस आता बहुतेक तीच. आणि तिचं सांगून झालं की हेही विचारा, एका पायात चप्पल नसताना ती त्या दिवशी घरापर्यंत चालली कशी.